सतरा नंबरची डबी

विमानातून पडलेल्या माणसाने काय खावे, याची काळजी आख्ख्या जळगावात एकच माणूस करत असे, आणि तो स्वतः कधी विमानात बसलेला नव्हता. जवरीलाल छाजेड त्याचे नाव. धंदा मॅचिंग सेंटरचा, म्हणजे अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीस. बाई साडीचा पदर पुढे करी, जवरीलाल मान जराशी तिरपी करून पदराकडे बघत आणि पाठ न वळवता हात मागे नेऊन नेमका तोच रंग कपाटातून काढत. नुसता आस्मानीच त्यांच्याकडे अकरा जातींचा होता. गिऱ्हाइकांना त्यातले तीन ओळखू येत. बाकीचे आठ जवरीलाल स्वतःच्या समाधानासाठी ठेवत.

आणि त्यांच्याकडे होत्या एकवीस डब्या. पूर्वी वायुदळात वैमानिकाच्या आसनाखाली एक पिशवी बांधलेली असे आणि तीत खाण्याची एक सीलबंद डबी. विमान कोसळले, माणूस हवाई छत्री उघडून कुठे वाळवंटात नाहीतर जंगलात उतरला, तर त्याने ती उघडायची. आत लिमलेटच्या गोळ्या, दुधाच्या सुक्या वड्या, च्युइंगम, आगकाड्या आणि एक सूचनापत्र. झाकणावर इंग्रजीत ठसठशीत छापलेले, ‘फक्त संकटकाळी उघडावी’. अशा डब्या जवरीलालांनी नऊ वर्षे खपून भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारांतून गोळा केल्या होत्या. एक तर दोंडाईच्याच्या एका अडत दुकानात सुपारी ठेवायला वापरत होते. ती त्यांनी नवी सुपारीची डबी देऊन सोडवली. कोणती डबी कोणत्या सालची, हे ते रंगावरून सांगत. “हा शेवाळी. अडुसष्टच्या आधीचा. हा मेंदी, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. आणि हा बघा, बॉटल ग्रीन सांगून विकला मला, पण याच्यात पोपटी झाक आहे.” ऐकणारा बहुधा दुकानात फॉल घ्यायला आलेला असे आणि फॉल घेऊन निघून जाई.

दुपारी दोन ते चार दुकानात माशी फिरकत नसे. पंखा फिरायचा, आस्मानी अस्तरांची टोके हलायची आणि जवरीलाल एखादी डबी तळहातावर घेऊन बसायचे. मग हळूहळू दुकानाचे छत नाहीसे होई. वर नुसता तिसऱ्या कप्प्यातला आस्मानी, आणि त्यातून एक माणूस हलत-डुलत खाली येतो आहे. त्याचा चेहरा त्यांना कधी दिसला नाही. तो वाळूवर उतरायचा, इकडेतिकडे बघायचा, भूक लागली की खिसे चाचपायचा. आणि मग त्याला डबी सापडायची. इथे जवरीलाल डबीच्या झाकणावरून एकदा हात फिरवत. कुठल्याशा खोलीत, टेबलापाशी बसून, कधी न भेटलेल्या माणसाच्या भुकेचा कोणीतरी आधीच विचार करून ठेवला होता, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटे. इतकी की एकदा ऐन अशा वेळी आलेल्या बाईला त्यांनी राणी रंगाच्या साडीवर डाळिंबी अस्तर फाडून दिले. चाळीस वर्षांच्या धंद्यात अशी चूक ती एकच.

तर तो कोणीतरी त्यांना भेटला. नाव मोतीलाल, राहणार धुळे, वय अठ्ठ्याहत्तर. बायको केसरबाईंबरोबर नातीच्या लग्नाचे अस्तर घ्यायला आले होते. गल्ल्याशेजारची डबी त्यांनी उचलली, उलटी केली, तळावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “बावीस नंबर. ही आमच्या पिल्लेने बांधली.”

मोतीआबांनी वायुदळात बावीस वर्षे काढली, पण जमिनीवर. त्यांचे काम या डब्या भरून बंद करण्याचे. भरणाऱ्या प्रत्येकाचा एक नंबर असे आणि तो डबीच्या तळावर ठोकलेला असे. आबांचा नंबर सतरा. “गोळ्या सहा. वड्या बारा. सहा म्हणजे सहाच,” ते ताठ बसून सांगू लागले, “वजन करून घ्यायचे आमच्याकडून. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. सरकारी माल होता, शेठ. बावीस वर्षांत मी एक गोळी तोंडात टाकली नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “किती भरल्या त्याला गणती नाही. पण कोणी उघडली की नाही, ते कधी कळलं नाही. उघडायला लागू नये हेच खरं. तरी वाटतं.”

त्या दिवसापासून जवरीलाल सतरा नंबर शोधत होते. तीन वर्षांनी, या श्रावणात, भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे तो सापडला. मेंदी रंगाची, सील शाबूत असलेली डबी, तळावर १७. त्यांनी धुळ्याला फोन लावला. केसरबाई म्हणाल्या, आबांना आता दिसत नाही, दोन्ही डोळे गेल्यातच जमा. आणि मुलगा राजदीप पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी दोघांना कायमचे पुण्याला घेऊन चाललाय. मागून आबांचा आवाज आला, “डोळ्याचं काय घेऊन बसलीस? नंबर बोटाला लागतो.”

आता सांगायची गोष्ट अशी, की या डब्या जवरीलालांच्या घरात नव्हत्या. म्हणजे लाडकुंवरबाईंच्या समजुतीप्रमाणे त्या जगातच नव्हत्या. लाडकुंवरबाई म्हणजे जवरीलालांची पत्नी. त्यांच्या कुठल्याशा मावसबहिणीने सांगितले होते की मिलिटरीच्या डब्यात मटण असते. जवरीलालांनी सूचनापत्र आणून दाखवले, साखर, दूध, लिंबाचा अर्क असे एकेक वाचून दाखवले. पण इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर लाडकुंवरबाईंचा विश्वास नव्हता. “मला यंदा अठाई करायची आहे,” त्या म्हणाल्या, “आठ दिवस नुसत्या पाण्यावर. त्या आधी हे घरातून गेलं पाहिजे.”

“गेलं,” जवरीलाल म्हणाले. डब्या दुकानाच्या माळ्यावर गेल्या होत्या. घरातून गेल्या हे खरे होते. एवढ्या खऱ्यावर त्यांनी समाधान मानले.

यावरून बाई फार कडक असतील असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. जवरीलालांना मधुमेह, मधूनच साखर एकदम उतरायची. त्यासाठी बारा वर्षे लाडकुंवरबाईंच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असे. लग्नात, मयतीत, कुठेही त्या आधी नवऱ्याच्या कपाळाकडे बघत आणि घाम दिसला की पुडी सोडत. या बाबतीत त्यांना बोलावेही लागत नसे.

पर्युषण, म्हणजे जैनांचे तपाचे आठ दिवस, सुरू झाले. लाडकुंवरबाई उपासाला बसल्या. त्यांना सोडून धुळ्याला जाणे शक्य नव्हते, म्हणून जवरीलालांनी डब्या कुरियरने पुढे पाठवायचे ठरवले. आबांना जुन्या सोबत्यांचेही नंबर बोटाला लागावेत म्हणून सगळ्या एका खोक्यात भरल्या. खोके गेल्या वर्षीचे, धुळ्याच्या भांडीवाल्याचे. चांगले खोके जवरीलाल कधी फेकत नसत. सतरा नंबर सर्वांत वर, स्वतःच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून, म्हणजे आबांच्या हाती पहिली तीच यावी.

कुरियरच्या खिडकीतल्या माणसाने विचारले, “आत काय आहे?”

“खाद्यपदार्थ,” जवरीलाल म्हणाले. संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाला, दोन दिवस होते, खोटे बोलायचे नव्हते.

“एक्स्पायरी?”

जवरीलालांनी विचार केला. “एकोणीसशे शहात्तर.”

त्या माणसाने पेन खाली ठेवले. “काका, खराब झालेलं खाणं आम्ही घेत नाही.”

“खराब नाही. जुनं आहे. खायचं नाहीच ते.”

“मग खाद्यपदार्थ कसं?”

“तसं ते वायुदळाचं आहे.”

हे बोलायला नको होते. खिडकीमागे तीन माणसे जमली. एकाने वायुदळाचे ना हरकत पत्र मागितले. दुसऱ्याने खोके कानाशी धरून हलवले आणि आत काड्या आहेत म्हटल्यावर ते इतक्या हळू खाली ठेवले, की जवरीलालांना स्वतःचीच भीती वाटली. तिसरा म्हणाला, “भंगार असं लिहा, लगेच जाईल.” नऊ वर्षांच्या संग्रहाला भंगार? जवरीलालांनी खोके उचलले आणि ताठ मानेने बाहेर पडले. ती मान दुपारच्या उन्हात रिक्षा मिळेपर्यंत ताठ होती.

दुकान पर्युषणासाठी बंद, घरी बायकांची तपाची गाणी चाललेली. त्यांनी हळूच खोके पडवीत ठेवले. तिथे त्याच भांडीवाल्याची तशीच आठ खोकी रचलेली होती. आजच्या दिवस राहू दे, असे ते मनात म्हणाले. आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी त्यांना सरबताला हाक मारली आणि खोके तिथेच राहून गेले.

त्या आठ खोक्यांत प्रभावना होती. मोठे तप पूर्ण झाले की घरचे लोक स्थानकात, म्हणजे प्रवचनाच्या जागी, जमलेल्या सगळ्यांना काहीतरी वाटतात, ती प्रभावना. छाजेडांकडून स्टीलची छोटी डबी आणि तीत खडीसाखर. संवत्सरीच्या सकाळी सून हिनाने खोकी स्थानकात नेली. सर्वांत वर होते ते पहिले उघडले. आत हिरव्या, जुन्या ढंगाच्या, सुरेख डब्या! हिनाला वाटले, पप्पांनी जवळच्या लोकांसाठी खास अँटिक लुकची वेगळी ऑर्डर दिलेली दिसते. तिला सासऱ्यांचे फार कौतुक वाटले. रिवाजाप्रमाणे पहिली प्रभावना तपस्विनीच्या हातात ठेवली, म्हणजे लाडकुंवरबाईंच्या. उरलेल्या वीस पहिल्या दोन रांगांत गेल्या.

जवरीलाल पुरुषांच्या बाजूला डोळे मिटून बसले होते. ते आस्मानात होते. डोळे उघडले तेव्हा समोरून इंदिराबाई ललवाणी हातात दोंडाईच्याची सुपारीची डबी घेऊन चालल्या होत्या.

त्यांनी बायकोकडे पाहिले. लाडकुंवरबाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. पण आठव्या दिवसाचे त्यांचे मौन होते. चेहऱ्यावर आठ दिवसांच्या उपासाचे तेज होते आणि त्या तेजामागे काय आहे, ते जवरीलालांना वाचता आले नाही. त्यांनी मान खाली घातली. पारण्याच्या दिवशी मौन सुटले, मुगाचे पाणी झाले, बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली. डबीचा विषय निघाला नाही. म्हणजे कळले नाही, असे जवरीलालांनी ठरवून टाकले.

पण एकवीस डब्या परत आणायच्या कशा? दिलेली प्रभावना मागणे म्हणजे बायकोच्या तपाचे पुण्य मागून घेणे. असे आजवर कोणी केले नव्हते. बरे, कोणी पन्नास वर्षांपूर्वीचे च्युइंगम तोंडात टाकले तर? शेजारी झुलालभाऊ राहत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सल्ल्याला सदा तयार. त्यांना जवरीलालांनी विश्वासात घेतले.

“आते काय करशात?” झुलालभाऊंनी सगळे ऐकून विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. “सोपं शे, शेठ. जुनी डबी आना, दोन नव्या ली जा. बठ्ठ्या बाया पयत येतीन.”

“पळत येतील सगळ्या, पण दिलेली परत नाही मागता येत, भाऊ.”

“मांगू नका ना! मी सांगस लोकेस्ले. तुम्हना नाव बी नही लेत.”

झुलालभाऊंनी शब्द पाळला. नाव न घेता त्यांनी आख्ख्या कॉलनीला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी छाजेडांच्या फाटकापुढे बायकांची रांग. कोणाच्या हातात तुपाची डबी, कोणाच्या हातात हिंगाची, एकीने तर पत्र्याचा पिंपच आणला होता. वायुदळाची एकही नव्हती. जवरीलालांनी एकवीस बाजूला ठेवून उरलेल्या स्टीलच्या डब्या दिल्या आणि पिंप आत घेतला. मालकीणबाई परत मागायला आल्याच नाहीत. तो पिंप अजून त्यांच्या गच्चीवर आहे.

शेवटी वाट सापडली ती धर्मानेच. संवत्सरीनंतर घरोघरी जाऊन खमत-खामणा करायचा असतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावले असेल तर हात जोडून क्षमा मागायची. हल्ली लोक हे मोबाइलवर एका फटक्यात उरकतात. जवरीलाल पायी निघाले. पहिल्या दोन रांगांची यादी करून.

“खमत-खामणा, इंदिराबाई.”

इंदिराबाई गहिवरल्या. “जवरीलालजी, तुम्ही स्वतः आलात? अहो, कोण येतं हो आता!” त्यांनी चहा ठेवला. जवरीलालांनी नको म्हटले. ज्या घरात आपण डबी न्यायला आलो, तिथे चहा प्यायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. ते नुसते बसून राहिले आणि देव्हाऱ्याजवळच्या डबीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. इंदिराबाईंना वाटले, पश्चात्ताप. त्यांचेही डोळे भरले.

“ती डबी...” जवरीलाल शेवटी म्हणाले, “तिच्यात खडीसाखर नाही. माझी चूक झाली. मला क्षमा करा.” हे पूर्ण खरे होते. पिशवीतून त्यांनी खडीसाखरेची खरी डबी काढून पुढे केली. इंदिराबाईंनी काही न विचारता बदलून दिली. जवरीलाल बाहेर आले तेव्हा त्यांना हलके हलके वाटत होते. खऱ्यात एवढी सोय असते हे त्यांना साठीनंतर कळत होते.

तीन दिवस हे चालले. कोणी डबीत टाचण्या ठेवण्याचा बेत केला होता, एकीने ती लेकीबरोबर भडगावला धाडली होती. जवरीलाल भडगावला गेले. लेकीची सासू म्हणाली, “आमच्यासारख्याकडे एवढ्या लांब क्षमा मागायला आलात? आमचं तुमचं तर भांडणच नाही!” एका घरात त्यांनी डबी मागितली आणि क्षमा मागायची विसरले, म्हणून फाटकातून परत गेले. एका घरात खरेच जुने भांडण होते, बावीस वर्षांपूर्वीच्या एका न जुळलेल्या अस्तराचे. ते तिथे मिटले. दुसरीकडे, ज्यांना हिरवी डबी मिळालीच नव्हती त्या रांगांतून कुरकुर सुरू झाली, की छाजेडांनी मोठ्यांना खास माल दिला आणि आम्हाला साधा. तेव्हा त्याही घरांत जाऊन क्षमा मागावी लागली. शनिवारी स्थानकात चिटणीसांनी जाहीर केले, की मोबाइलच्या या जमान्यात एकसष्टाव्या वर्षी घरोघर पायी खमत-खामणा करणाऱ्या जवरीलालजींचा शाल देऊन सत्कार होईल. त्यांना क्षमेवर चार शब्द बोलायला सांगितले. जवरीलाल उभे राहिले, समोर बायकांत बसलेल्या लाडकुंवरबाईंना पाहिले आणि खाली बसले. लोकांना ते फार आवडले. इतके भरून आले की बोलवले नाही, असे सगळे म्हणाले.

रविवारी सकाळी राहिलेल्या तीन घरांतून तीन डब्या आल्या. झाल्या वीस. प्रत्येक डबी उलटी करून पाहिली. बावीस, नऊ, एकतीस. सतरा नव्हती. यादी संपली होती. एकविसावी कोणाला मिळाली ते हिनाला विचारावे, तर गोष्ट बायकोच्या कानावर जाणार. मोतीआबा उद्या पुण्याला जाणार होते, आणि बोट फिरवायला त्यांना दुसऱ्या कोणाचा नंबर द्यायचा?

तरी जवरीलाल निघाले. शब्द दिला होता. धुळ्याला लाडकुंवरबाईंचे माहेर, त्यांनाही भावाकडे खमत-खामण्याला जायचेच होते. त्या बरोबर आल्या. वीस डब्यांची पिशवी जवरीलालांनी मांडीवर घेतली, वर शाल टाकली, सत्काराचीच. “काय आहे?” बाईंनी विचारले. “खमत-खामण्याचं सामान,” ते म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

एरंडोल गेले आणि बस थांबली. पुढे प्लॅस्टिकच्या पाइपांचा ट्रक उलटला होता. रस्ताभर काळे पाइप लोळत होते आणि दोन्हीकडची माणसे त्यांच्यावरून पाय घसरवत एकमेकांना सल्ले देत होती. अर्धा तास झाला. पाऊण झाला. जवरीलालांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, आणि तीन घरांत तीन वेळा चहा-नाश्ता नको म्हटले होते.

आधी बसचा आवाज लांब गेला. मग कंडक्टरच्या शर्टाचा खाकी फिका पडत पडत साय-रंगाचा झाला. जवरीलालांना वाटले, हा रंग आपल्याकडे नाही. मग बसचे छत नाहीसे झाले. वर तिसऱ्या कप्प्यातला आस्मानी, अगदी तोच, आणि त्यातून ते स्वतः हलत-डुलत खाली येत होते. भीती मुळीच वाटत नव्हती. खाली वाळू होती, की पाइप होते, की अस्तराचे तागे, नीट कळत नव्हते. पाय टेकले. आजूबाजूला कोणी नव्हते. त्यांनी खिसे चाचपले. खिशात काही नव्हते. आपल्यासाठी कोणी काही ठेवलेले नाही, असे त्यांना वाटले, आणि त्या आस्मानातल्या माणसाचा चेहरा त्यांना पहिल्यांदाच दिसला. तो त्यांचाच होता.

तेवढ्यात हनुवटी कोणीतरी घट्ट धरली. पत्र्याची पट्टी उलगडल्याचा कर्र आवाज झाला, आत कोंडलेली हवा सुस्कारली आणि दातांत काहीतरी कडक आले. आधी चवच नव्हती. मग मेणाची चव आली. मग फार लांबून, पन्नास वर्षांवरून, लिंबू आले.

“चावू नका. चोखा,” लाडकुंवरबाई म्हणत होत्या. “आणि ही दुसरी घ्या.”

मागच्या सीटवरचा माणूस शेव पुढे करत होता, कोणी पाणी देत होते. बसला पुन्हा छत आले. बाईंच्या मांडीवर जवरीलालांचा धुतलेला रुमाल उलगडलेला होता, त्यावर मेंदी रंगाची उघडी डबी. जवरीलालांनी बोटाने तळ चाचपला. एक. सात.

“खडीसाखरेची पुडी ओट्यावर राहिली,” बाई म्हणाल्या. “पर्समध्ये हीच होती. मटण आहे की काय ते बघत बसायला वेळ नव्हता.”

“तुला माहीत होतं?”

“पहिली माझ्याच हातात आली. तुमच्या रुमालात. मौन होतं म्हणून वाचलात.” त्यांनी पदराने नवऱ्याचे कपाळ पुसले. “मग म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. गावभर माफी मागत फिरलात. भडगावपर्यंत गेलात. शाल घेतलीत. घरातलं एक माणूस तेवढं राहिलं.”

जवरीलालांनी हात जोडले. पण तोंडात दोन गोळ्या होत्या, त्यामुळे खमत-खामणा नीट उमटला नाही. “गिळल्यावर बोला,” बाई म्हणाल्या. त्यांनी गिळेपर्यंत वाट पाहिली, आणि ते म्हणाले तेव्हा बाईंनीही हात जोडून त्यांना म्हटले. आपण का म्हणतो आहोत हे त्यांनी सांगितले नाही. घरात मटण म्हटल्याबद्दल असावे.

जवरीलालांनी डबीत पाहिले. गोळ्या पाच उरल्या होत्या. दोन त्यांनी खाल्ल्या. पाच आणि दोन. त्यांनी पुन्हा मोजल्या. साखर उतरली की हिशेब चुकतो, असे म्हणून सोडून दिले.

मोतीआबांच्या घरी सामानाची बांधाबांध झाली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो तेवढा शेवटी काढायचा म्हणून होता. आबा खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात, तासभर आधीपासून तयार. जवरीलालांनी डबी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “आबा, क्षमा करा. शाबूत आणणार होतो. उघडावी लागली.”

आबांचे बोट तळावरून फिरले आणि तिथेच थांबले. मग ते कडेवरून फिरले, उलगडलेल्या पट्टीवरून, आतल्या मेणकागदावरून.

“उघडली?” ते म्हणाले. “कोणासाठी?”

“माझ्यासाठी. एरंडोलच्या पुढे. साखर उतरली होती.”

आबांनी उघडी डबी नाकाशी नेली. केसरबाई पाणी घेऊन दारात थांबल्या.

“लिंबू लागला?” आबांनी विचारले.

“उशिरा लागला. पण लागला.”

“लागणारच,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्यासारख्या डोळ्यांतून पाणी गालावर आले. ते त्यांनी पुसले नाही. जवरीलालांनी एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी तोंडात टाकली आणि कोणाशी काही न बोलता संपवली. उरलेल्या चार त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवल्या. मग ताठ बसून म्हणाले, “उघडलेली डबी मला देऊन जाता काय, शेठ? तसं चालत नाही. वापरली की परत भरायची असते. केसर, खडीसाखर आण.”

बांधलेल्या सामानातून खडीसाखर निघाली. आबांनी डबी गुडघ्यांत धरली आणि बोटांनी निवडून एकसारखे खडे घेतले. एक, दोन, असे मोजत सहा खडे मेणकागदात बसवले. हात इतके सवयीने चालत होते की डोळे गेलेत हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मग ते थांबले. मान दाराकडे वळवून जरा कानोसा घेतला, जणू कोणी वजन करायला यायचे आहे. आणि सातवा खडा हळूच कोपऱ्यात सरकवला.

“आबा,” जवरीलाल म्हणाले, “कायद्याने सहाच ना?”

“कायद्याने सहाच,” मोतीआबा म्हणाले, आणि झाकण दाबून डबी लाडकुंवरबाईंच्या हातात दिली.